पेपर प्लेट्स तुझ्याकडे

"अगं, गॅरेजमधून ट्रॅश बॅग आणतेस का? आणि तेवढ्या सगळ्यांच्या प्लेट्स उचलून टाक ना."

काकू हे अगदी गोड आवाजात म्हणाल्या. हॉलमध्ये पंचवीस माणसं जेवून बसली होती. माझ्या वयाच्या चार-पाच जणी होत्या. हाक मला आली. मी उठले. गॅरेजचं दार उघडलं, दिवा लावला. बुटांच्या रॅकवर, बर्फ उपसायच्या फावड्याशेजारी माझं पातेलं होतं. भरल्या वांग्यांचं. झाकणसुद्धा कुणी उघडलेलं नव्हतं.

मी ओहायोतल्या एका खेडेगावात शाळेत गणित शिकवायला आले होते. २००४ साल. त्या शाळेला गणिताची बाई मिळत नव्हती, म्हणून एका एजन्सीने मला नागपूरहून आणलं. गाव म्हणजे एक सिग्नल, एक गॅस स्टेशन आणि पुढे नजर पोचेल तिथपर्यंत मका. सावळी मी एकटीच. पोरं वाईट नव्हती. एकाने पहिल्याच दिवशी विचारलं, "डू यू गाईज हॅव मॅथ ओव्हर देअर?" त्याला मी फळ्यावर उत्तर दिलं. पण तीनला शाळा सुटली की तोंड बंद, ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. रविवारी मी फ्रिजशी मराठीत बोलायचे. हसू नका, खरंच बोलायचे. एकदा स्टाफरूममध्ये मी डबा उघडला आणि एक सर नाक मुरडून खिडकी उघडायला उठले. तेव्हापासून गाडीत जेवायचे. काचा बंद, हीटर चालू.

म्हणून ओहायोतल्याच डब्लिन गावी जायचे. दोन तास ड्राइव्ह. महिन्यातून एका शनिवारी दुपारी काकूंकडे मराठी माणसं जमायची. पॉटलक. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा. पहिल्यांदा गेले तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अय्या, नागपूरची का तू?" आणि मला रडूच कोसळलं. काकूंनी पाठीवरून हात फिरवला. मग आडनाव विचारलं. मग विचारलं, "नागपुरात कुठे?"

"इंदोरा."

"अच्छा."

हात पाठीवरून निघाला. आडनाव आणि वस्ती, दोन्ही मिळून त्यांना माझी जात कळली. कळली, हे मलाही कळलं.

पुढच्या महिन्यापासून ई-मेलवर यादी यायची. कुणाकडे मसालेभात, कुणाकडे पुरणपोळी. माझ्या नावापुढे पेपर प्लेट्स. त्याच्या पुढच्या महिन्यातही पेपर प्लेट्स. "तू एकटी राहतेस, कशाला दगदग!" सात महिने मी प्लेट्स नेल्या. मला समजत नव्हतं असं नाही. पण त्या घरी तीन तास मराठी कानावर पडायची, आणि तेवढ्यासाठी मी आंधळ्याचं सोंग घेतलं. अपमानापेक्षा त्या सोंगाचीच मला जास्त लाज वाटते.

आठव्या महिन्यात प्लेट्स घेतल्याच, शिवाय मी न विचारता वांगीही केली. आईने पाठवलेला मसाला घालून. माझी आई लग्नाच्या मांडवात उष्ट्या पत्रावळी उचलायची. मला तिने एकदाही मांडवात येऊ दिलं नाही. "तू अभ्यास कर," एवढंच म्हणायची.

गॅरेजमध्ये मला ती आठवली. ट्रॅश बॅग तिथेच ठेवली. पातेलं उचललं, आत आणलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"काकू, हे बाहेर का ठेवलं?"

"अगं, टेबलावर जागाच नव्हती."

परात मावेल एवढी जागा होती. सगळ्यांना दिसत होती.

"जाऊ दे ना यार, कशाला इश्यू करतेस," कुणीतरी म्हणालं.

"प्लेट्स मी उचलणार नाही. माझ्या आईने खूप उचलल्या."

मीच आणलेली एक प्लेट घेतली. दोन वांगी वाढून घेतली, पोळी घेतली, खुर्ची ओढली आणि सगळ्यांसमोर बसून जेवले. दोन्ही वांगी संपवली. मग पातेलं घेऊन निघाले. दारापर्यंत कुणी आलं नाही.

गाडीत हमसून हमसून रडले. आता मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं.

सोमवारी स्टाफरूममध्ये डबा उघडला. ते सर पुन्हा खिडकीकडे निघाले.

"इट्स कोल्ड. लीव्ह इट शट, प्लीज," मी म्हणाले.

ते परत जाऊन बसले. माझ्या टेबलाशी कुणी आलं नाही. मैत्रीबित्री काही झाली नाही.

महिनाअखेरीस यादी आलीच. माझ्या नावापुढे पेपर प्लेट्स. जणू काही घडलंच नव्हतं. मी सगळ्यांना उत्तर पाठवलं: "मी भाजी आणीन. ती टेबलावर राहील. कबूल असेल तर कळवा."

कुणीही कळवलं नाही. मी गेले नाही. त्या गावात आणखी दोन वर्षं काढली, फ्रिजशी बोलत. एकटेपणाने जीव जात नाही, पाहिलंय मी. पण मराठी ऐकायला मिळावी म्हणून आता कुणाचं उष्टं उचलणार नाही. मरेपर्यंत नाही.