परत आलेले तेलाचे डबे

गणेशचतुर्थीला तेल कढईत पडले. अनंत चतुर्दशीला त्याच तेलात ताजा डबा ओतला गेला. कोजागरीला ते दान म्हणून निघाले. जबाबदार: आमच्या बदलापूरच्या सोसायटीच्या उत्सव मंडळाचे अध्यक्ष, खजिनदार आणि अध्यक्षांच्या विनोदावर हसलेली सभा. त्या मंडळाचा मी सभासद आहे, हे लिहिताना मान खाली जाते.

सोसायटीत सगळे ज्यांना 'वासवाल्या बाई' म्हणत, त्या जिन्यातून जाताना कोणाकडे कुठले तेल तापले आहे, हे दाराबाहेरूनच वासावरून ओळखत. अंबरनाथच्या एका तेल कारखान्याच्या प्रयोगशाळेतून त्या निवृत्त झाल्या होत्या. "अगं, तुझी कढई दमली, उतरव आता तिला," असे बंद दाराला सांगत, आणि आतून हसू येई. मी प्रत्येक तक्रारीसाठी अध्यक्षांना खासगी पत्र लिहितो, म्हणून मला त्या 'नोटीसराव' म्हणत. दुसऱ्या कोणाकडून मी ते खपवून घेतले नसते.

त्यांचे वाक्य ठरलेले: "डब्यावरचं लेबल खरं असतं, पण कढई तापेपर्यंतच." तेल खवट होऊ नये म्हणून कारखान्यात अँटिऑक्सिडंट मिसळतात. डब्यात ते नीट राखण करते. तळणीच्या आचेवर मात्र त्यातले काही वाफेबरोबर उडते, काही मोडून त्याचे वेगळेच पदार्थ होतात. "राखणदार गेला, आणि जाताना जे टाकून गेला ते तेलातच राहिलं," बाई म्हणत.

आमच्याकडे प्रसादाच्या तळणीचे तेल फेकणे पाप मानतात. यंदा ते गाळून मूळच्याच डब्यांत भरले आणि बारवी धरणाकडच्या एका आदिवासी पाड्यावर वाटायचे ठरले. बाई सभेत उभ्या राहिल्या. "हे मेलेलं तेल लेबलाच्या डब्यात घालून देणार? तिथली मुलं खाणार आहेत ते!"

"बाई, तुमची लॅब अंबरनाथलाच ठेवा," अध्यक्ष म्हणाले. "ताजा डबा पडलाय त्यात. झालं की नवं!" सभा खदखदून हसली.

तरी बाई टेम्पोत बसून पाड्यावर गेल्या आणि डबे उतरण्याआधी सगळे सांगून मोकळ्या झाल्या. तिथली एक म्हातारी वाटपाला आलेल्या अध्यक्षांना एवढेच म्हणाली, "चांगला असता तं तुमी दिला असता का, दादा?" डबे परत आले.

मंडळाची बदनामी केली म्हणून पुढच्या सभेत बाईंनाच मंडळातून काढून टाकले. त्या भांडल्या नाहीत. घर आवरून पुण्याला भाचीकडे गेल्या. निघताना मला म्हणाल्या, "नोटीसराव, खासगी पत्रं पुरे झाली. चारचौघांत विचारा."

म्हणून विचारतो. अध्यक्ष महाशय, येत्या सर्वसाधारण सभेत माईक हातात घेऊन उत्तर द्या: ते तेल नवे होते, तर परत आलेल्या डब्यांपैकी एकही आपण स्वतःच्या घरी का नेला नाही?