ऑपरेटरबाईंची खरेदी

ऑपरेटरबाईंनी इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर तीस वर्षं काढली. जन्मापासून दिसत नव्हतं, पण कोणता डॉक्टर कितव्या घंटीला फोन उचलतो आणि कोण मुद्दाम उचलत नाही, हे त्यांना तोंडपाठ. निवृत्त झाल्या तरी नाव तेच राहिलं.

घरात त्या आणि धाकटी बहीण. पत्रं, बिलं, औषधांच्या बाटल्या, सगळं धाकटीच वाचून दाखवायची, अधूनमधून कुरकुरत. त्यात एकच मेख होती. दुकानात न्यायला तीच आणि रंग सांगायलाही तीच, त्यामुळे तिच्या नकळत तिला काही देणं बाईंना आजवर जमलंच नव्हतं. यंदा तिचा साठावा वाढदिवस होता. शाल घ्यायची आणि तिला पत्ता लागू द्यायचा नाही, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं.

पडद्यावरचं वाचून दाखवणारा फोन हाताशी होता. पण ऑनलाइन बाजार उघडला की त्याची बोबडी वळायची. "बटण. बटण. बटण." कशाचं बटण, ते बनवणाऱ्याने लिहिलंच नव्हतं. चित्र काढलं की झालं काम! बाई अंदाजाने दाबत गेल्या आणि तीन दिवसांनी दारात मासे पकडायचा गळ येऊन पडला.

"ताई, आता नदीवर जाऊन बसणार आहेस का?" धाकटीने विचारलं.

"चुकून आला गं," म्हणत बाईंनी वेळ मारून नेली. पण आतून भलत्याच चिडल्या होत्या.

त्यांनी सरळ बाजाराच्या ऑफिसला फोन लावला. पहिलीने दुसऱ्याकडे टोलवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. टोलवाटोलवीची ही विद्या तर बाई कधीच कोळून प्यायल्या होत्या. पाचव्या खेपेला त्यांनी ॲप बनवणारा इंजिनिअर गाठलाच.

"पुढच्या महिन्यात बघतो, मॅडम."

"आत्ता बघा. तुमच्या फोनला वाचायला लावा, डोळे मिटा आणि एक शाल घेऊन दाखवा. मी थांबते. लाइनवर थांबायची मला सवय आहे."

पलीकडून बराच वेळ बटण, बटण ऐकू येत राहिलं. शेवटी इंजिनिअर खजील आवाजात म्हणाला, "नाही जमत हो."

आठवड्याभरात बटणांना नावं आली. "टोपलीत टाका." "पत्ता." "ऑर्डर द्या." शालीखाली रंगही लिहिलेला होता, गर्द निळा. ते ऐकून बाईंना स्वतःचा असा काही अभिमान वाटला की दिवसभर त्या घरातही ताठ मानेने फिरत होत्या.

वाढदिवसाला पार्सल आलं. धाकटीने शाल अंगावर घेतली, हात फिरवला आणि एकदम थबकली.

"ताई, मला विचारलं नाहीस?"

"तुला विचारायचं नव्हतं, म्हणून तर एवढा खटाटोप केला."

धाकटीने शाल आणखी घट्ट लपेटून घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच ताईची एखादी गोष्ट तिला आधीपासून ठाऊक नव्हती.