लिंबाएवढं भोक

फेरेटचं डोकं जिथून जातं तिथून अख्खं फेरेट जातं, असं मैत्रिणीनं सांगितलं. फेरेट म्हणजे मुंगसाच्या चणीचं पाळीव जनावर; त्याचं डोकं साधारण लिंबाएवढं. म्हणून घरी येऊन मी एक लिंबू घेतलं आणि मोरी, दारांच्या फटी, कपाटांच्या मागच्या जागा तपासायला लागले. मोरीच्या तोंडाशी वाकून लिंबू आत घालून बघत होते, तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "कोणाची नजर लागली गं घराला?"

मैत्रीण साजगावच्या कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. नवऱ्याबरोबर ती परदेशी निघाली होती आणि फेरेट सोबत नेणं जमत नव्हतं. त्याचे व्हिडिओ मी डबा खाताना रोज बघायचे. लांबडं अंग, आखूड पाय, डोळ्यांभोवती काळी पट्टी. दिवसभर झोपतं आणि जागं झालं की घरातले मोजे ओढत नेऊन सोफ्याखाली लपवतं. खात नाही, घालत नाही, मग मोजे कशाला? मला त्या मोज्यांनीच पछाडलं. घरात कोणाला न विचारता मी म्हणून गेले, "मी सांभाळते." ती म्हणाली, "आधी घर बघीन, मगच हो म्हणीन." मुलीकडचे स्थळ बघायला येतात, तशी ती रविवारी येणार होती.

कुंभिवलीजवळचं आमचं घर जुनं नाही आणि नवंही नाही. पुढे टाइल्स, मागे चूल. नवऱ्याला एवढंच कळलं, की मुंगसासारखं काहीतरी येतंय. "उंदीर धरील ना?" म्हणाला आणि टीव्हीकडे वळला. खरी परीक्षा सासूबाईंची होती.

"खातं काय?"

"मटण, कोंबडी."

"सोमवारी?"

"सोमवारीपण."

"श्रावणात?"

"श्रावणातपण, आई."

त्यांनी तांदळातला एक खडा काढून टाकला. मग म्हणाल्या, "मागच्या चुलीवर शिजव. माझ्या गॅसवर नाय." फेरेटला उन्हाळा सोसत नाही हे कळल्यावर त्यांनीच भात साठवायची खोली रिकामी करून दिली. त्या खोलीच्या भिंती जाड आहेत, मे महिन्यातसुद्धा तिथली फरशी पायाला गार लागते. मला वाटलं, घोडं गंगेत न्हालं.

राहिलेल्या भोकांसाठी मी गवंडी बोलावला. त्याच्या हातात लिंबू दिलं, "हे जिथून जाईल ते सगळं बुजवा," असं सांगितलं आणि कामावर गेले. माणूस कामाला चोख. संध्याकाळी आले तर मोरीला जाळी, पाइपांभोवती सिमेंट, आणि परसाच्या कडेच्या दगडी कुंपणात, गडग्यात, खाली जे भोक होतं, तेही लिंपून गुळगुळीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चहा घेऊन मागच्या पायरीवर बसल्या नाहीत.

त्या पायरीवर त्या रोज बसतात हे मला ठाऊक होतं. का बसतात, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, तेव्हा कळलं. उन्हं गडग्यावर आली की त्या भोकातून एक मुंगूस निघतं आणि परस ओलांडून शेताकडे जातं. सकाळी मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण सासूबाईंचं त्यापलीकडचं होतं.

"त्यानं माझ्या कोंबड्या नेल्या," त्या म्हणाल्या. "मी कोंबड्या पाळायच्या सोडल्या. त्याची वाट नाय बुजवली. तू एक बाहेरचं आणायला घरचं हाकललंस."

मला राग आला. कोणी सांगितलं असतं तर मी काय मुद्दाम बुजवलं असतं? पण त्या रागात काही जीव नव्हता. मग त्यांनी निकालच दिला. "ते परत दिसलं, तर तुझं आण. नायतर नको."

मी पहार घेऊन ते सिमेंट फोडलं. भोक पूर्वीपेक्षा मोठंच झालं. मागच्या दाराला आणि भाताच्या खोलीच्या खिडकीला बारीक जाळी ठोकून घेतली, म्हणजे फेरेटनं आत राहावं, मुंगसानं बाहेर. तीन-चार दिवस गेले. मुंगूस काही आलं नाही. ते दुसरीकडे कुठे राहायला गेलं असेल, त्याला ओल्या सिमेंटचा वास येत असेल का, त्याला घर दोन दारांचं लागतं की एका दाराचं, असले प्रश्न घेऊन मी कामावर जात होते. फेरेटबद्दल शोधायचं सोडून मी मुंगसाबद्दल शोधत होते.

रविवारी मैत्रीण सकाळीच आली. खोली बघितली, जाळ्या ओढून बघितल्या, पर्समधून चक्क एक लिंबू काढलं आणि मोरीला लावलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. परसात आल्यावर मैत्रीण गडग्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे राहिलं वाटतं."

"राहिलं नाही. ते उघडंच राहणार आहे," मी म्हणाले, आणि का ते सांगितलं. ही आता नाही म्हणणार, असं वाटलं. तिनं जाळीचं दार दोनदा लावून बघितलं, "चालेल" म्हणाली, आणि सासूबाईंना विचारलं, "येतं कधी ते?"

"येत होतं," सासूबाई म्हणाल्या. "बस. चहा घे."

आम्ही तिघी पायरीवर बसलो. हायवेवरून ट्रक जात होते. चहा संपत आला तेव्हा भोकात आधी एक नाक दिसलं. ते थांबलं, इकडे बघितलं, आत गेलं. मग ते सगळंच बाहेर आलं, लांबडं, करड्या रंगाचं, आणि काही घाई नसल्यासारखं शेताकडे गेलं.

सासूबाईंनी हात जोडले. कप उचलून उठल्या आणि आत जाता जाता मला म्हणाल्या, "आण तुझं ते. आणि रोज सकाळी त्याला हितं जाळीपाशी आणून बसव. त्याला पण मुंगूस दिसू दे."