शेजारणीचा पलंगपोस

आमच्या शेजारी एक स्पॅनिश म्हातारी राहते. म्हातारी हे आपलं माझ्या मनातलं, तोंडावर म्हणायची माझी टाप नाही. तिचं घर आणि आमचं घर सेमी-डिटॅच्ड, मधे एकच भिंत. आम्ही लंडनमध्ये हॅरोला आलो तेव्हा ती एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला होती आणि मी दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये भूल द्यायचं शिकत होते. तिचा नवरा गेला, आमची मुलगी बर्मिंगहॅमला गेली, पण कुंपणावरून ताटल्यांची देवाणघेवाण चालू राहिली.

तिची एक सवय होती. मी कुंपणावरून पुरणपोळी दिली की ती आधी इकडेतिकडे बघायची आणि हळूच विचारायची, "कोणी पाहिलं?" मला मजा वाटायची. मी म्हणायचे, "हो, राणीने पाहिलं, तिलाही एक पाठवलीय." ती हसायची, पण ताटली पदराखाली लपवल्यासारखी कार्डिगनखाली धरूनच आत जायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय, असं मी ह्यांना म्हणायचे.

पहिल्या वर्षी पाडव्याला ह्यांनी पुढच्या बेडरूमच्या खिडकीखाली लोखंडी कडी ठोकली आणि आम्ही गुढी उभारली. बांबूची काठी, माझा जरीचा खण, साखरेची गाठी, वर पालथा तांब्या. म्हातारी फुटपाथवर उभी राहून वर बघत होती. चेहरा पांढराफटक. मला खाली बोलावून तिने विचारलं, "आज कुणाचा दिवस आहे?"

मी म्हटलं, कुणाचा नाही, आमचं नवीन वर्ष.

"आणि नाही लावलं तर?"

"नाही लावलं तर काय, सासूबाई फोनवर चार शब्द ऐकवतात."

त्यावर ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग मला घरात नेऊन तिने कॉफी केली, खिडकी लावली, आणि नळ सोडून ठेवून बोलायला लागली. नळ कशाला, ते मला नंतर कळलं. बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

तिच्या लहानपणी तिच्या देशात एका सेनापतीचं राज्य होतं. त्याने युद्ध जिंकलं होतं आणि ते तो कुणाला विसरू देत नव्हता. त्याच्या दिवशी गावातल्या प्रत्येक बाल्कनीवर काहीतरी लाल-पिवळं टांगलेलं असायचं. झेंडा घ्यायची ऐपत नव्हती त्यांनी चादर टांगायची. हिच्या आईने लग्नातला लाल पलंगपोस टांगायचा, पिवळ्या झालरीचा. सिनेमा संपला की गाणं लागायचं, सगळे उठून हात पुढे करून उभे. हिचा हात दुखायला लागला की आई कोपराला खालून आधार द्यायची. "कोणी मागे बंदूक घेऊन उभं नव्हतं," ती म्हणाली, "माझी आईच होती."

एका वर्षी हिची आजी तापाने फणफणली होती. घरात पांघरुणं दोन, त्यातला पलंगपोस आजीच्या अंगावर. बाल्कनी मोकळी राहिली. दोन दिवसांनी वडिलांना बोलावणं आलं. मारलं नाही, फक्त विचारलं, असं ते घरी येऊन म्हणाले. पण पोस्टातली नोकरी गेली, आणि त्यानंतर ते दाराजवळच्या खुर्चीत कोट घालून बसायचे. कधीही बोलावतील, तयार असलेलं बरं.

"सांगितलं कोणी?" मी विचारलं.

ते कधीच कळलं नाही. खाली दारात बसणारी बाई असेल, ती हिला रोज बदाम द्यायची. पाववाला असेल. मामा असेल. वडील मरेपर्यंत घरातलं सगळं बोलणं ह्याच एका प्रश्नावर येऊन थांबायचं. सेनापती म्हातारा होऊन खुर्चीवर असतानाच मेला, कुणी त्याचं काही वाकडं केलं नाही. "त्याला प्रत्येक घरात पोलीस ठेवायची गरज नव्हती," ती म्हणाली. "त्याने आम्हाला एकमेकांच्या खिडक्या बघायला शिकवलं होतं." मी आपली जिभेवरची कॉफी कडू लागतेय म्हणून साखर मागितली. मला वाटलं, बापरे, काय दिवस काढलेत हिने. आणि घरी येऊन कुकर लावला.

अलीकडच्या एका उन्हाळ्यात आमच्या रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर ह्या देशाचे झेंडे दिसायला लागले. आधी मेन रोडवर, मग आमच्या गल्लीत. आता झेंड्याशी माझं काय भांडण? ह्याच झेंड्यासमोर उभं राहून मी नागरिकत्वाची शपथ घेतली, त्या दिवशी ह्यांनी पेढे वाटले होते. मॅच असली की मीही टीव्हीसमोर ओरडते. पण त्याच आठवड्यात बसस्टॉपवर एका माणसाने मला, अगदी शांतपणे, घरी जा म्हणून सांगितलं. मी म्हटलं, घरीच चाललेय बाबा, बस येऊ दे. बाकीची माणसं मोबाइलमध्ये बघत राहिली. बसमध्ये मी ड्रायव्हरच्या अगदी मागची सीट धरली. मुलीचा फोन आला, "आई, वीकेंडला टाउन सेंटरला नको जाऊ हां. माझ्या टीममधली लोकं पण तेच सांगतात." तिला माझी काळजी वाटायला लागली, ह्याचीच मला जास्त भीती वाटली.

मग एका शनिवारी दुपारी दोघं जण दारावर आले. हसतमुख, सभ्य. सगळ्या रस्त्याला झेंडे देतोय म्हणाले, फुकट. एकाने झेंडा पुढे केला, दुसरा मोबाइलवर घरांचे फोटो काढत होता. ग्रुपवर टाकायला, तो म्हणाला. ह्यांनी थँक्यू म्हणून झेंडा घेतला. त्यांनी शेजारची बेल वाजवली. ती वाजत राहिली, दार उघडलं नाही.

संध्याकाळपर्यंत रस्त्यात फक्त आमची जोडीची घरं मोकळी होती. हे म्हणाले, "उगाच कशाला वाकड्यात शिरायचं? पाण्यात राहून माशाशी वैर नको. लावून टाकू."

"अहो, आपण पाहुणे आहोत का इथले?"

"म्हणूनच म्हणतो. आपलाही झेंडा आहे ना? मग लावायला काय जातंय?"

खरं सांगते, वाद घालायची मला इच्छाच नव्हती. मला रात्री शांत झोप हवी होती. झेंड्याला काठी नव्हती. ह्यांनी कपाटामागून गुढीची काठी काढली, तिला झेंडा बांधला आणि गुढीच्या कडीत खोचला. वर्षानुवर्षांची सवय, काठी अशी चपखल बसली की बघत राहावं.

सकाळी दूध आत घ्यायला गेले आणि सहज शेजारी वर नजर गेली. म्हातारीच्या खिडकीतून लाल पलंगपोस टांगलेला होता. रंग विटलेला, झालर एका बाजूने उसवलेली. आईचा पलंगपोस तिने इतकी वर्षं जपला होता, हे मला माहीतच नव्हतं. खिडकी उंच आहे, तिचे खांदे वर जात नाहीत, मागच्या वर्षी पडून मनगट मोडलं होतं. स्टुलावर चढली असणार, एकटी.

तिच्या घराची किल्ली माझ्याकडे असते. आत गेले तर ती दाराजवळच्या खुर्चीत बसलेली. अंगात कोट, पायात बूट, मांडीवर पर्स. जन्मभर मी ऑपरेशनच्या टेबलावर घाबरलेली माणसं बघितली आहेत, त्यांना दहापासून उलटं मोजा म्हणून सांगितलं आहे. हिला काय सांगावं, मला कळेना. नाडी बघितली, नुसती धावत होती.

"हे काय केलंत?"

"तुमच्याकडे लागला," ती म्हणाली. "काल आपण दोघी होतो. मग मी एकटीच उरले."

मी म्हटलं, काढूया तो पलंगपोस, कोणी येत नाही तुम्हाला न्यायला. ती मान हलवत राहिली. आधी तुझा, म्हणाली.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला. "अगं, लावला नसता तर चाललं असतं. आता काढला तर काढलेला दिसतो. त्यांच्याकडे फोटो आहेत." ह्यांनी उठून समोरचा पडदा ओढून घेतला. हातोडीने हाडं जोडणारा सर्जन, निवृत्त होईपर्यंत ह्या माणसाला मी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. तेव्हा कळलं, काल रात्री मी एकटीच जागी नव्हते.

"शेजारी ती म्हातारी कोट घालून बसलीय," मी म्हटलं. "तिचं हृदय ह्याने थांबेल, मग कुणाच्या फोटोत कोण, ते बघत बसा."

मी वर गेले, खिडकी उघडली. काठी घट्ट बसली होती, निघेना. मागून हे आले, खाली कुणाच्या डोक्यावर पडू नये म्हणून काठीचं टोक धरून उभे राहिले. झेंडा मी नीट घडी करून खणाच्या शेजारी कपाटात ठेवला. चुरगाळून टाकायचं मनातही आलं नाही, तोही आमचाच होता.

परत शेजारी गेले. तिचे हात गार पडले होते.

"काढला," मी म्हटलं. "आता तुमचा काढू."

तिने माझं मनगट धरलं आणि हळूच विचारलं, "कोणी पाहिलं?"

थट्टा करायला तोंड उघडलं, आणि उत्तर आपोआप बाहेर आलं. समोर व्हॅन धुणारा. त्याच्या बाजूच्या घरातली पडद्यामागची बाई. कुत्रा फिरवणारं जोडपं, त्यातला तो वर बघून थांबला. कोपऱ्यावरच्या घराच्या बेलचा कॅमेरा. मी कुणाकडेही बघत नव्हते, असं मला वाटत होतं.

म्हातारीने सगळं नीट ऐकून घेतलं. मग उठली, दाराला साखळी लावली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. मी माझी खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली आणि आवाज खाली आणला.