नऊ बारा ते नऊ चौदा

शाहनवाजची गच्ची आणि माझी गच्ची यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे. जुन्नरच्या बाजारपेठेत त्याचं रेक्झिनचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या सीटा, पिकअपचे हूड, पावसाळ्याआधी ताडपत्र्या. वय एकोणचाळीस. गच्चीवर त्याची कबुतरांची ढाबळ आहे, ती त्याच्या अब्बांच्या वेळेपासूनची.

चांगदेव त्याचा जोडीदार आणि प्रतिस्पर्धी. शेती डिंगोऱ्याला, बिऱ्हाड आमच्या मागच्या गल्लीत. रविवारी सकाळी दोघे आपापल्या गच्चीवरून पाच-पाच कबुतरं सोडतात. ज्याचं शेवटचं कबुतर उशिरा उतरेल तो जिंकला. पूर्वी वेळेवरून फार भांडणं होत. मी रोजनिशीत सगळ्याच गोष्टी वेळ घालून लिहिते, ही सवय कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावलेली. म्हणून अकरा वर्षांपूर्वी दोघांनी ठरवलं की काकूंच्या वहीतली वेळ ती खरी. शर्यत संपली की दोघे येतात, चहा पितात आणि पानाखाली सही करतात. एकदा शाहनवाज दोन मिनिटांनी हरला. ओठ चावून त्याने सही केली. वहीबद्दल आजवर कोणी शब्द काढलेला नाही.

विमानाचं सुरू झालं ते मापं घेण्यावरून. अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्याने खुर्च्यांच्या गाद्या आणि कव्हरं शिवली होती. तिथल्या एका सरांनी त्याला गाडीने दोन तासांवरच्या एका छोट्या धावपट्टीवर पाठवलं. विमान झाकायचं कव्हर फाटलं होतं. सीटचं माप घ्यायला तो आत बसला आणि बराच वेळ बाहेरच येईना. तिथे शिकवणारे कॅप्टन हवाईदलातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांच्यात तोंडी ठरलं की शाहनवाज सगळी कव्हरं आणि सीटा शिवून देईल, ते त्याला उडवायला शिकवतील. शनिवारी तो जायचा. रविवारी गच्चीवर चांगदेव त्याला म्हणायचा, "या पायलटसाहेब, जमिनीवर पाय लागला का?"

हे दीड वर्ष चाललं. कॅप्टन शेजारी बसत, विमान वळवायचा दांडा शाहनवाजच्या हातात असे. मार्चमध्ये कॅप्टन म्हणाले, आता एकट्याने उडायची वेळ आली आहे. त्याआधी पुण्याला डॉक्टरी तपासणी आणि एक फॉर्म.

फॉर्म इंग्रजीत होता. आमच्या गल्लीतले इंग्रजी फॉर्म माझ्याकडेच येतात. ११ एप्रिल, शुक्रवार. नमाजानंतर शाहनवाज आला, पाठोपाठ चांगदेव. नाव, पत्ता, चष्मा, ऑपरेशनं हे सगळं भरून झालं. मग प्रश्न आला: कधी चक्कर, भोवळ, शुद्ध हरपणे?

मी वाचून दाखवला आणि पेन थांबवलं.

"न्हाई," शाहनवाज म्हणाला. "न्हाईवर खूण करा, काकू."

आम्ही तिघेही एकमेकांकडे बघत नव्हतो. सोळा मार्चचं पान तिघांनाही माहीत होतं. रमजानचे दिवस होते. कबुतरं वर होती, मी माझ्या गच्चीवर वही घेऊन बसले होते. शाहनवाज मान मागे टाकून वर बघत होता तो एकदम खाली बसला आणि दोन्ही हातांनी फरशी धरली. मी लिहिलं, "९.१२ शा. खाली बसला, डोकं धरून. ९.१४ उठला." त्याखाली कबुतरांच्या वेळा आणि त्या पानाच्या तळाशी दोघांच्या सह्या.

"रोजा व्हता, काकू," शाहनवाज म्हणाला. "पहाटेपासून पानी न्हाई. कुणालाबी व्हतं."

"मंग काय तर," चांगदेव म्हणाला. "भुकेनं गरगरलं म्हंजी काय रोग झाला का? आन् हापिसातला मानूस तुमची वही वाचायला जुन्नरला येनार हाय व्हय?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही ते पटलं. उपाशी माणसाला भोवळ येते. दीड वर्ष हा माणूस दर शनिवारी अंधार असताना उठून मोटरसायकलवर दोन तास जात होता. मी पेन 'नाही'च्या चौकोनापाशी नेलं, आणि हात पुढे जाईना.

"ही खूण तू कर," मी म्हणाले. "सही तुझी आहे. बाकीचं मी भरलंय."

त्याने फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. चहा न पिता गेला. तपासणी सोमवारी होती.

शनिवारी तो धावपट्टीवर गेला नाही. दुपारी त्याची बायको रुबिना भिंतीपाशी आली. ईदला शीरखुर्म्याचं भांडं ठेवून गेली होती, ते न्यायला आले म्हणाली. भांडं हातात घेऊनही ती उभीच राहिली.

"काकू, तुमच्या वहीत काय हाय?"

"कशाबद्दल?"

"ते जेवले न्हाईत कालपासून. चांगदेवभाऊंना इचारलं तर म्हनले, वहीचं हाय काहीतरी. बाईबिई हाय का?"

मी म्हटलं, "तसं काही नाही गं. त्यालाच विचार."

"म्या इचारलं तर म्हनतात, कबुतरांचं हाय. कबुतरांपायी मानूस जेवन सोडतो का?" ती गेली. मला फार अपराधी वाटलं. पण ते तिला त्याच्याकडूनच कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी त्याने कबुतरं सोडली नाहीत. अकरा वर्षांत हे पहिल्यांदा. साडेआठला तो भिंत ओलांडून माझ्याकडे आला आणि पाण्याच्या टाकीला टेकून बसला.

"काकू, रोजा न्हवता."

"म्हणजे?"

"त्या दिवशी व्हता. पन परत झालं. पाच एप्रिलला. वर."

मी मांडीवरची वही मिटली.

"पट्टीकडं वळायचं शेवटचं वळन. दुसरं इमान हाय का बघायला म्या मान वर करून मागं वळवली, तर जमीनच फिरली. समदी. हात सुटला माझा. कॅप्टननी दांडा घेतला, त्यांना वाटलं म्या घाबरलो. म्या म्हनलो, डोळ्यात घाम गेला. बाजूची सीट रिकामी असती तर?"

"रुबिनाला सांगितलंस?"

"कसं सांगू? ती म्हनंल, सोडा."

"सोडावंसं वाटतंय का?"

"न्हाई. पन हो लिहिलं तर सुटलंच समजा, काकू. कोन उडू देनार चक्करवाल्याला? आन् न्हाई लिहिलं तर..." त्याने माझ्या वहीकडे बघितलं. "सही केलीय म्या त्या पानावर."

अकरा वाजता तो फॉर्म घेऊन परत आला. 'हो'च्या चौकोनात खूण होती. खालच्या रेघेवर दुकानाच्या पावतीवर लिहितो तशा मोठ्या अक्षरांत त्याने लिहिलं होतं: सोळा मार्च, नऊ बारा ते नऊ चौदा. पाच एप्रिल, हवेत. मागे रुबिना उभी होती. तिचे डोळे सुजले होते. ती माझ्याशी बोलली नाही. पुढे दोन आठवडे बोलली नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला नापास केलं. तात्पुरतं, असा शिक्का होता, पण तो शब्द शाहनवाज जमेस धरत नव्हता. कॅप्टनना त्याने स्वतः जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "आधी सांगायला हवं होतंस," आणि त्याला विमानापाशी जायची मनाई केली. तरी हँगरमधलं अर्धं शिवलेलं कव्हर तो दर शनिवारी जाऊन शिवत राहिला. चांगदेव माझ्यावर चिडला होता. "काकू, तुमच्या वहीनं घात केला गड्याचा," तो म्हणाला आणि तीन रविवार आला नाही.

मे महिन्यात नारायणगावच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. मी बरोबर होते, रुबिनाही. डॉक्टरांनी त्याला टेबलावर निजवून मान झटकन कडेखाली सोडली आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. बुबुळं थरथर नाचायला लागली. शाहनवाजने टेबलाची कड घट्ट धरली. रुबिनाने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत बारीक कण असतात, ते जागचे हललेत. मान मागे टाकली की गरगरतं. "तुम्ही मान मागे टाकून काही काम करता का? रंगकाम वगैरे?"

रुबिना म्हणाली, "कबुतरं बघतात. लग्नाच्या आधीपासून."

डॉक्टरांनी त्याचं डोकं हळूहळू एका बाजूने दुसरीकडे फिरवलं, ते कण जागेवर यावेत म्हणून. तसं तीन वेळा बोलावलं. पुन्हा होऊ शकतं, हेही सांगितलं. तीन महिने एकदाही चक्कर आली नाही तर बरा आहे असं लिहून देईन, म्हणाले. तोवर मान वर करायची नाही.

ते तीन महिने आम्हाला फार लांब वाटले. शाहनवाज गच्चीवर ट्रॅक्टरचा आरसा मांडीवर घेऊन बसायचा आणि त्यात कबुतरं बघायचा. चांगदेव परत यायला लागला. "आरशात माझी कबुतरं छोटी दिसत्यात का?" असं विचारायचा, पण शाहनवाज शिंकला तरी आम्ही सगळे दचकायचो. रुबिना रोज सकाळी मला भिंतीवरून बोटांनी खूण करायची: आज नाही. मी तारखेपुढे टिंब द्यायची. नव्वद टिंबं झाली, मग पावसात आणखी बरीच. ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं, ताटकळत ठेवलं आणि शेवटी पास केलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार. धावपट्टीच्या कुंपणापाशी रुबिना, चांगदेव आणि मी. सकाळी थंडी होती, वारा जवळजवळ नव्हता. कॅप्टन त्याच्याबरोबर तीन चकरा मारून आले. मग विमान थांबलं, इंजिन चालूच होतं, कॅप्टन उतरले आणि दार लावून आमच्या दिशेने चालत आले. हातात छोटा रेडिओ. मागे वळून बघितलं नाही.

"एकटे हायेत?" रुबिनाने विचारलं.

"हो. एक चक्कर," कॅप्टन म्हणाले.

८.०७ ला चाकं सुटली. शेजारचं वजन कमी झाल्याने विमान भराभर वर गेलं. डावीकडे वळलं, उसाच्या फडांवरून लांब गेलं, पुन्हा वळलं. चांगदेव टोपी हातात घेऊन उभा होता. रुबिनाचे ओठ हलत होते. मी घड्याळाकडे बघत होते, कारण वर बघवत नव्हतं.

शेवटचं वळण. पाच एप्रिलचं वळण ते हेच. विमान वळलं, सरळ झालं, खाली यायला लागलं. पट्टीवर आलं. पण टेकेना. हलकं झालेलं ते विमान पट्टीवरून तरंगतच राहिलं, अर्धी पट्टी संपली, आणि अचानक इंजिन जोरात गरजलं आणि ते पुन्हा वर चढलं.

"खाली का न्हाई आले?" रुबिनाने कॅप्टनची बाही धरली. "काय झालं त्यांना? चक्कर आली का?"

कॅप्टननी रेडिओ कानाशी नेला. त्यातून खरखर आली आणि मग शाहनवाजचा आवाज. पुन्हा फेरी मारून येतो, हे सांगायची इंग्रजीतली तीन-चार शब्दांची ठरलेली ओळ मीच त्याच्याकडून घोकून घेतली होती. आवाज कोरडा होता, पण सरळ होता.

"बरोबर केलं त्याने," कॅप्टन म्हणाले. "पट्टी कमी उरली होती. घाईने टेकवलं असतं तर कुंपणात गेला असता. पुन्हा येईल."

विमान पुन्हा येईपर्यंत कॅप्टनही कुंपणाच्या तारेवर हात ठेवून उभे होते, आणि तो हात त्यांनी काढला नाही. तेच वळण पुन्हा. विमान या वेळी बरंच खालून आलं, पट्टीच्या सुरुवातीलाच एकदा उडी मारली आणि टेकलं. ८.२० आणि वर काही सेकंद.

रुबिना तिथेच मातीत बसली.

शाहनवाज चालत आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. त्याने आधी रुबिनाकडे बघितलं. ती म्हणाली, "उठवा मला." त्याने उठवलं. मग माझ्याकडे वळला.

"काकू, किती?"

"तेरा मिनिटं."

"तेरा?" चांगदेवने टोपी डोक्यावर घातली. "माझं लंगडं कबुतर तीन तास ऱ्हातं वर. राव, तू हरला."

शाहनवाज म्हणाला, "हरलो तर हरलो. आना वही."

मी वही कुंपणाच्या खांबावर टेकवली. त्याने वेळ वाचली आणि सही केली. चांगदेवने पेन घेतलं, बोटं पुसली आणि नेहमीच्या जागी, त्याच्या सहीशेजारी, आपली केली. मग रुबिना म्हणाली, "मला पन जागा हाय का?" मी पान तिच्याकडे फिरवलं.