शांताला लोखंडाची सुई का दिली नाही

“मूत्रपिंडात जंतू गेलेत,” डॉक्टर म्हणाले. “पायलोनेफ्रायटिस म्हणतात याला. आणि अंगात रक्तही फार कमी आहे.”

माझी बायको शांता बाकावर शाल गुंडाळून कुडकुडत बसली होती. तिच्या बाळंतपणाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. मी डॉक्टरांचं दुसरं वाक्यच धरून ठेवलं. रक्त कमी आहे, तर रक्त वाढवायचं औषध देतील.

आम्ही वरवट बकालचे. बसथांब्याजवळ माझं शिवणकामाचं दुकान. ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटची. लेकीला शेळीचं दूध पाजत सासूबाई घरी थांबल्या आणि मी शांताला मलकापूरच्या एका दवाखान्यात आणलं. तुमच्या घरात कुणी असं तापानं पडलं तर उपयोगी पडावं, म्हणून लिहितो आहे.

लघवी कल्चरला गेली. कल्चर म्हणजे जंतू वाढवून ते ओळखायची तपासणी. तिला वेळ लागतो. तोवर जंतू मारायच्या सुया सुरू झाल्या. संध्याकाळी ताप चढे, घाम फुटून उतरे, पुन्हा चढे.

शेजारच्या खाटेवर एका पाटलांची सून होती. तीही बाळंतीण, तीही पांढरीफटक. तिला कमरेत गडद तपकिरी सुई मिळायची. मी नर्सला विचारलं.

“आयर्नची आहे, म्हणजे लोखंडाची. रक्त वाढतं त्यानं.”

“आमच्या बाईले?”

“डॉक्टरांनी लिहिलेली नाही.”

मला एवढं पुरे होतं. लहानपणी आमच्या ओंजळीत वरून पाणी ओतणारे हात मी पाहिले होते. आम्ही बौद्ध झालो, तरी समोरच्याच्या डोळ्यांतली शिवाशिव जात नाही, हेही पाहिलं होतं. डॉक्टर शांताला हात लावून तपासत, नीट बोलत. मला त्यातही काही लपवल्यासारखं वाटू लागलं. ते पाटलांच्या सुनेपाशी किती थांबतात आणि आमच्यापाशी किती, हे मी पाहत बसायचो.

शेवटी मी बाजारातून रक्तवाढीच्या औषधाची बाटली आणली. शांतानं ती उशाखाली ठेवली.

“आधी इचारा त्याईले.”

“इचारून खरं सांगतीन का?”

“मंग मीच इचारीन.”

आणि दुसऱ्या दिवशी तिनं विचारलंच. “डॉक्टरसाहेब, तिले लोखंडाची सुई देता, मले काऊन नाही देत?”

डॉक्टर खाटेच्या कडेला टेकले. “तुम्हाला ताप आहे, तिला नाही. तुमच्या मूत्रपिंडातल्या जंतूलाही वाढायला लोखंड लागतं. त्याच्या बाहेरच्या पापुद्र्याला बारीक छिद्रं असतात. साखरेसारखं अन्न त्यातून आत झिरपतं. लोखंड असं जात नाही. ते पकडायला जंतू एक पदार्थ बाहेर सोडतो आणि पापुद्र्यातल्या खास दारानं लोखंड आत ओढून घेतो. म्हणून तापात आपलं शरीर लोखंड दडवून ठेवतं. मी आता सुई दिली, तर तुमच्याआधी जंतूच जेवतील अशी भीती आहे. ताप उतरला की देतो.”

शांतानं उशाखालची बाटली काढली. “हे पण नाही?”

“तेही थांबवा, त्यातही लोखंडच आहे.”

तिला पटलं. मला पटलं नाही. जंतूला दार काय आणि जेवण काय. अडाणी समजून सांगितलेली गोष्ट वाटली ती.

मग पाटलांच्या सुनेच्या छातीत पू झाला आणि तिला ताप भरला. त्या सकाळी नर्स तिला तपकिरी सुई न देताच पुढे गेली. तिचे सासरे डॉक्टरांसमोर उभे राहिले.

“आमची सुई काऊन बंद केली? माणूस पाहून औषध देता का?”

डॉक्टरांनी त्यांनाही तेच सांगितलं. तोच पापुद्रा, तेच दार. आवाज चढला नाही की नरमला नाही. “ताप उतरला की देतो.”

मी दाराशी उभा होतो. पाटलांनाही तेच उत्तर मिळालेलं ऐकलं आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा निवांत चहा प्यायलो.

कल्चरचा निकाल आला, औषध बदललं, शांताचा ताप हटला. त्यानंतर तिलाही तीच तपकिरी सुई सुरू झाली. घरी आल्यावर लेक तिला ओळखेल का, याचंच तिला भ्या होतं. पोरीनं वास घेतला आणि पदर धरून झोपली.

त्या डॉक्टरांचे उपकार मी मानतो. तरी संशय धरू नका, असं मी कुणाला सांगणार नाही. आम्हाला तो उगाच आलेला नव्हता. फक्त तो मनात कोंडू नका, शांतासारखं तोंडावर विचारा. आणि तुम्हाला मिळालेलंच उत्तर शेजारच्या खाटेलाही मिळतं का, तेवढं बघा.