वामन मास्तरांचा मिठाचा खडा

शाळेत किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. कपाटाच्या तळाशी खडूचे तुकडे जमतात, तसे ते आपोआप जमतात. शहाद्याकडच्या आमच्या शाळेत मी कारकून होतो. माझ्याकडचे बहुतेक तुकडे विज्ञान शिकवणाऱ्या वामन मास्तरांचे आहेत. इन्स्पेक्टरसाहेबांनी त्यांना बजावलं होतं, "माघात येईन. पोरांनी स्वतःच्या हातानं केलेला एक तरी प्रयोग दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षी सायन्स बंद!"

मास्तरांनी मिठाचा एकच मोठा, चौकोनी खडा वाढवायचं ठरवलं.

* * *

पोरांनी खारं पाणी चिनी मातीच्या बशीत ओतून खिडकीत ठेवलं. आठवड्याभरात तळाशी बारीक, चौकोनी कण धरले. सोमवारी पाहतो तो बशी लखलखीत!

शिपाई दगडू अभिमानानं म्हणाला, "मास्तर, कितलं खारं चिकटेल व्हतं! बठ्ठं राखवरी घासी टाकं!"

मास्तरांनी बशी उचलून उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "बशी छान निघाली रे."

* * *

पुन्हा कण धरले. त्यातला एक, मोठा व्हावा म्हणून, सुती दोऱ्याला बांधून खाऱ्या पाण्याच्या बरणीत सोडला, तर त्या खरखरीत दोऱ्यावर मीठच मीठ! गुळगुळीत केस हवा होता, घोड्याच्या शेपटीचा. सारंगखेड्याची यात्रा भरलेलीच होती. मास्तर पोरांना घेऊन थेट घोड्यांच्या बाजारात गेले.

"मन्हा घोडाना केस? कसाले?" घोडेवाल्यानं डोळे वटारले.

"मीठ टांगाले!" पोरं एका सुरात म्हणाली.

घोडेवाल्यानं मास्तरांना खालून वर न्याहाळलं आणि शेपटीचे दोन केस उपटून हातात दिले. "लई जा बापा. पन गिऱ्हाईकसमोर हाई बोलू नका!"

* * *

हेडमास्तर रोज सकाळी बरणीपाशी येऊन टोमणा मारायचे, "काय मास्तर, बारसं कधी?"

बरणी हलली की खडा बिघडतो, असं मास्तरांनी त्यांना एकदा समजावलं. दुसऱ्या दिवशी दगडू घंटा वाजवत होता. ऑफिसातून हेडमास्तरच धावत आले, "अरे हळू बडव! आत खडा झोपलाय!"

* * *

सातपुड्यातला एक बाप वसतिगृहातल्या मुलाला भेटायला आला होता. त्यानं बरणीत लोंबणारा खडा पाहिला आणि मुलाच्या कानात काही विचारलं. मग कमरेची गाठ सोडून बाजारातून घेतलेलं मीठ मास्तरांच्या टेबलावर ओतलं.

मुलगा संकोचून म्हणाला, "मास्तर, बाबा म्हणतो, एवढ्याशा मिठात तुमचं कसं भागेल? हे ठेवा."

मास्तरांनी उठून त्याला हात जोडले. बरणीतलं पुढचं पाणी त्याच मिठाचं केलं.

* * *

माघात साहेब आले. खडा बोराएवढा झाला होता. साहेबांनी तो उजेडात धरला. "मास्तर, ही काच आहे. बाजारातून आणलीत!"

मास्तर म्हणाले, "पाण्यात टाकतो, साहेब. काच असेल तर तशीच राहील."

वाडग्यातल्या कोमट पाण्यात त्यांनी खडा टाकला आणि चमच्यानं ढवळायला लागले. आधी कोपरे गेले. मग कडा गेल्या. बोराचा वाटाणा झाला. मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला. मास्तर ढवळतच होते.

"अहो थांबा! पटलं मला, पटलं!" साहेबांनी कोटाच्या बाहीसकट हात वाडग्यात घातला आणि उरलेला खडा बाहेर काढला.

मास्तर पंचा घेऊन बाही पुसायला धावले.

"बाही राहू द्या हो!" साहेब ओरडले. "आधी याला पुसा!"